लांब टाइप-सी केबल घेताय? आधी रीड्रायव्हर आणि रीटायमर समजून घ्या

दिवा स्टेशनबाहेर टाइप-सी केबल घ्यायला गेलात, तर सगळ्या दिसायला सारख्याच. पण लग्नाचं 60 जीबी शूटिंग फोनमधून लॅपटॉपवर टाकायचं असेल, की फरक कळतो. यूएसबी 2.0 चा वेग 480 एमबीपीएस, म्हणजे कागदावरच जवळपास 17 मिनिटं. 5 जीबीपीएसच्या यूएसबी 3 वर तेच काम साधारण दोन मिनिटांचं. प्रत्यक्षात दोन्हीकडे याहून जास्त वेळ जातो.

मग लांबही आणि फास्टही अशी केबल सहज का मिळत नाही? तांब्याच्या तारेतून जाताना सिग्नल कमजोर होतो. वेग जितका जास्त, तितकी ही गळती जास्त. म्हणून 40 जीबीपीएसची साधी केबल साधारण 80 सेंटीमीटरपर्यंतच असते. त्यापुढे मदतीला चिप लागते, आणि तिचे दोन मुख्य प्रकार आहेत.

रीड्रायव्हर: गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर अनाउन्समेंटचा आवाज वाढवावा, तसं हे काम. सिग्नल मोठा होतो, पण सोबतची खरखरही वाढते. चिप स्वस्त, वीज कमी खाते. गळती थोडी असेल तर एवढं पुरतं.

रीटायमर: हा आधी अनाउन्समेंट नीट ऐकतो आणि मग स्वतःच्या स्वच्छ आवाजात नव्याने सांगतो. म्हणजे 0 आणि 1 ओळखून, टायमिंग सुधारून पुढे पाठवतो. खरखर मागेच राहते. पण किंमत आणि वीज जास्त, शिवाय किंचित उशीर होतो. अंतर आणि वेग दोन्ही जास्त असतील तर हाच हवा.

ही चिप आपण निवडत नाही, कंपनी निवडते. आपण तीन गोष्टी बघायच्या:

1. फोनचा पोर्ट: आयफोन 15 मध्ये टाइप-सी असूनही डेटाचा वेग यूएसबी 2.0 चाच आहे. 15 प्रो 10 जीबीपीएसपर्यंत जातो, पण बॉक्समधली केबल यूएसबी 2.0 चीच येते.
2. पाकिटावरचा आकडा: '100 वॉट' हे चार्जिंगचं झालं. डेटासाठी 'जीबीपीएस' शोधा.
3. लांबी: दोन मीटरवर 40 जीबीपीएस हवं असेल तर 'अ‍ॅक्टिव्ह' केबल लागते. चिप तिच्या आतच असते.

फोनच यूएसबी 2.0 चा असेल, तर महागडी केबल घेऊनही डेटाचा वेग वाढणार नाही. त्यामुळे आधी फोनची स्पेसिफिकेशन्स बघा, मगच खिशात हात घाला.