'सापडलं नाही' म्हणजे 'नाहीच' का? अनोळखी अल्बम आणि तुमचा सिनॉप्सिस

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं: "या विषयावर आजवर काम झालेलं नाही." मुलाखतीत त्यावर साधा प्रश्न येतो: कुठे शोधलंत? तिथे बरेच जण अडकतात.

पाण्यात शिसं किती हे मोजताना यंत्राला काही दिसलं नाही, तर आपण '०' लिहीत नाही. 'एनडी', म्हणजे नॉट डिटेक्टेड लिहितो आणि शेजारी यंत्राची किमान मर्यादा देतो. त्या मर्यादेखाली शिसं असूही शकतं. शोधाचंही तसंच आहे, आणि ते समजायला आडवाटेचं संगीत शोधण्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

मुंबईचे चरणजित सिंग हे हिंदी सिनेसंगीतातले वादक. १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांचा 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम काढला. रोलंड कंपनीची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं, आणि त्यांवर राग. अल्बम विस्मरणात गेला. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला त्याची प्रत दिल्लीत मिळाली, २०१० मध्ये त्यांनी तो पुन्हा प्रकाशित केला आणि जगभर चर्चा झाली, की शिकागोच्या 'अ‍ॅसिड हाउस'च्या आधीच हे मुंबईत झालं होतं! (आधी झालं हे खरं. पण त्यातून शिकागोत ते आलं, असं सिद्ध होत नाही. यंत्र एकच असलं की आवाज सारखा येतोच.) मात्र 'हरवलेले' हे संगीतकार सगळा काळ मुंबईतच राहत होते. आणि अल्बम सापडला, कारण कव्हरवर नाव, कंपनी आणि साल छापलेलं होतं.

आता आपल्या खान्देशात या. शिरपूर-साक्रीकडे, नंदुरबारकडे आदिवासी लग्नांत वाजणारी रोडाली ऐकली असेलच. गाडीवर कीबोर्ड, ऑक्टापॅड, भिंतीएवढे स्पीकर, आणि ढोल-पावरीच्या वळणाची धून सिंथच्या चिरक्या आवाजात न थांबता चाललेली. लोकसंगीत आहे, इलेक्ट्रॉनिक आहे, स्वतंत्रही आहे. पण 'एक्सपेरिमेंटल फोक इलेक्ट्रॉनिक' असं शोधून बघा, यातलं काही वर येत नाही. कारण व्हिडिओच्या शीर्षकात बँडचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर असतो. धून कुणी बांधली हे बहुतेक वेळा नसतंच. लग्नाची सुपारी मिळायला तेवढं पुरतं, पण कॅटलॉगला पुरत नाही.

स्पेलिंगचा घोळ वेगळाच. खान्देश, खानदेश, खांदेश: तिन्ही चालतात आणि तिन्हींचे निकाल वेगळे. कानबाई, कानुबाई, कानुमाता यांचंही तेच. शिवाय वर्गीकरण! ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात अहिराणी शोधायची तर मराठीच्या खंडात मिळणार नाही. ती १९०७ च्या भिल्ल भाषांच्या भागात 'खान्देशी' म्हणून आहे. फक्त मराठीच्या कपाटात हात घातला, तर उत्तर एनडी.

मग काय करायचं? एक नाव पकडायचं. व्हिडिओखाली कीबोर्डवाल्याचं किंवा रेकॉर्डिंग स्टुडिओचं नाव दिसलं की त्याने आणखी कुठे काम केलं ते बघायचं. पेपरमधले संदर्भ धरून मागे जातो तसंच हे. तेही संपलं की इंटरनेटच्या बाहेर पडायचं. साहेल साउंड्सच्या ख्रिस्तोफर कर्कलीने मालीतल्या किदाल शहरात लोकांच्या मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून गाणी गोळा केली, कलाकार शोधून काढले आणि त्यातून अल्बम काढला. आपल्याकडेही मोबाइल शॉपीवाले कार्डात गाणी भरून द्यायचेच की! जुन्या कार्डांत काय पडलंय, कुणी पाहिलंय? राजवाड्यांनी तरी दप्तरं कुठल्या सूचीत शोधली होती? घरोघरी फिरूनच मिळवली ना. धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे, एकदा जाऊन या.

वहीत चार रकाने आखा: तारीख, कुठे शोधलं, कोणत्या शब्दांनी, काय मिळालं. पाचवा रकाना 'कुणाला विचारलं' याचा. माझ्या मते सर्वात महत्त्वाचा हाच, आणि बहुतेकांचा रिकामा असतो तोही हाच. सिनॉप्सिसमध्ये मग "काम झालेलं नाही" असं न लिहिता "अमुक ठिकाणी, अमुक शब्दांनी, अमुक तारखेपर्यंत शोधलं, आढळलं नाही" असं लिहिता येतं. मुलाखतीत ते टिकतं.

काही गोष्टींना हंगामही असतो. कानबाईच्या जागरणाची गाणी हवी असतील, तर श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी गावात असायला हवं. रेकॉर्डर सुरू करायच्या आधी मावशींची परवानगी घ्या, आणि नाव कसं लिहायचं ते त्यांनाच विचारा.