ससा पाळताना : निगा आणि स्वच्छता

घरात ससा आला की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न हमखास निघतो : याला आंघोळ केव्हा घालायची? कुत्र्याला न्हाऊ घालताना साऱ्यांनी पाहिलेले असते. मुलांना साबणाचा फेस आणि पाण्याचा खेळ हवा असतो. हेतू स्वच्छतेचा असतो, मायाही खरी असते. तरीही अशा एका आंघोळीने सशाचा जीव जाऊ शकतो. सशाच्या स्वच्छतेची रीत माणसाच्या किंवा कुत्र्याच्या रीतीहून अगदी निराळी आहे. ती समजून घेणे, ही ससा घरी आणण्याआधीची पहिली जबाबदारी होय.

घरोघरी पाळला जाणारा ससा हा नैऋत्य युरोपातील, मुख्यत्वे स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतील, बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. आपल्या माळरानावर दिसणारा ससा वेगळ्या जातीचा असून त्याला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये संरक्षण आहे. तो पकडून घरी ठेवू नये. पाळीव सशाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय मात्र रानातलीच राहिली आहे. हा इतरांचे भक्ष्य होणारा प्राणी. दुखणे दाखवले तर शत्रू हेरतो, म्हणून तो शेवटपर्यंत दुखणे लपवतो. ओरडत नाही, कण्हत नाही. त्यामुळे सशाची निगा म्हणजे त्याला सजवणे नसून, जे तो सांगत नाही ते रोज हाताने आणि डोळ्यांनी जाणून घेणे आहे.

आंघोळ का नको?

निरोगी ससा मांजराप्रमाणे स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवतो. त्याच्या अंगाला वासही फारसा येत नाही. पाण्यात घातल्यावर तो अतोनात घाबरतो आणि या धसक्याने कोसळू शकतो. सुटण्यासाठी तो मागच्या पायांनी जोरात लाथा झाडतो. पायांचे स्नायू बळकट आणि हाडे मात्र हलकी, त्यामुळे त्या झटक्यात पाठीचा कणा मोडल्याची उदाहरणे पशुवैद्यांना परिचित आहेत. शिवाय वरच्या केसांखालची दाट लव लवकर वाळत नाही. ओल धरून राहते आणि अंग गारठते. ओली त्वचा नाजूक होते, ती चटकन फाटते.

अंगाला काही लागलेच, तर तेवढाच भाग कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावा आणि कोरड्या टॉवेलने पूर्ण सुकवावा. माणसांचा साबण, शाम्पू किंवा सुगंधी पावडर वापरू नये, कारण अंगावर जे लागते ते ससा चाटून पोटात घेतो.

केस विंचरणे

आंघोळीची जागा सशाच्या बाबतीत कंगवा घेतो. आखूड केसांच्या सशाला आठवड्यातून एकदा-दोनदा विंचरले तरी पुरते. वर्षातून साधारण दोन वेळा त्याचे केस झपाट्याने गळतात, तेव्हा रोज विंचरावे. लांब लोकरीच्या अंगोरा सशाला मात्र बाराही महिने रोज विंचरावे लागते. त्याची लोकर महिन्याला सुमारे अडीच सेंटिमीटर वाढते आणि ठरावीक काळाने कातरावी लागते. रोज तेवढा वेळ देणे शक्य नसेल, तर केवळ देखणेपणाला भुलून अंगोरा घरी आणू नये.

विंचरण्यामागे सौंदर्यापेक्षा मोठे कारण आहे. सशाला उलटी करता येत नाही. चाटताना पोटात गेलेले केस पुढे सरकून लेंड्यांवाटेच बाहेर पडावे लागतात. आहारात गवताचा तंतू कमी पडला, तर आतड्यांची हालचाल मंदावते आणि केस व अन्न साचून राहते. बारा तास सशाने काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये. त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

मऊ दातांचा कंगवा किंवा रबरी ब्रश घेऊन केसांच्या दिशेने हलक्या हाताने विंचरावे. गुंता ओढू नये, बोटांनी सोडवावा. कात्री लावताना त्वचा केसांबरोबर वर उचलली जाते आणि कापली जाते, म्हणून घट्ट गुंता पशुवैद्याकडूनच काढून घ्यावा.

नखे, कान आणि दात

सशाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी अठरा नखे असतात. रानात माती उकरताना ती झिजतात. घरातील गुळगुळीत फरशीवर झिजत नाहीत. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी ती कापावी लागतात. पांढऱ्या नखात आतील गुलाबी रक्तवाहिनी दिसते. काळ्या नखामागे बॅटरीचा उजेड धरला की ती ओळखता येते. तिच्या अलीकडे, केवळ टोक कापावे. चुकून रक्त आलेच तर स्वच्छ कापसाने दाबून चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावावे. एका बैठकीत सगळी नखे झालीच पाहिजेत असे नाही. ससा धडपडू लागला तर थांबावे.

ससा कधीही कानांना धरून उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि त्याचे अंग आपल्या अंगाशी टेकलेले असावे. उताणा केल्यावर तो निश्चल पडतो, त्याला अनेक जण ‘ससा झोपला’ असे समजतात. वास्तविक ती भीतीने आलेली निश्चलता असते. नखे कापण्यासाठीही तसे करू नये.

कान आठवड्यातून एकदा फक्त पाहावेत. आत कापसाची काडी घालू नये. कानात जाड खपल्या दिसल्या, ससा सारखे डोके झटकू लागला, तर ती कानाची खरूज असण्याचा संभव असतो. मानेवर आणि पाठीवर कोंडा दिसणे हेही खरजेचे लक्षण असू शकते. त्यावर घरगुती इलाज किंवा कुत्र्यांचे औषध वापरू नये. कुत्र्यांच्या पिसवांवर सर्रास वापरले जाणारे फिप्रोनिल सशासाठी प्राणघातक ठरू शकते.

सशाचे अठ्ठावीसही दात जन्मभर वाढत राहतात. गवत चघळण्यानेच ते झिजतात. हनुवटी लाळेने ओली राहणे, एका डोळ्यातून पाणी येणे, आवडीचा पाला तोंडात घेऊन टाकून देणे, ही दातांच्या दुखण्याची चिन्हे होत.

अस्वच्छतेचे मूळ ताटात

मागच्या भागाला मऊ लेंड्या चिकटलेल्या दिसल्या, तर पुसणे हा तात्पुरता उपाय. खरे कारण बहुधा आहारात असते. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरड्या, गोल लेंड्या आपल्याला दिसतात. दुसऱ्या मऊ, घोसासारख्या असतात आणि त्या तो स्वतःच पुन्हा खातो. ही त्याच्या पचनाची नैसर्गिक रीत आहे, त्यात किळस मानण्याजोगे काही नाही. धान्य, बिस्किटे, गोड फळे अधिक झाली की मऊ लेंड्या शिल्लक राहतात आणि केसांना चिकटतात. स्थूल किंवा सांधे धरलेल्या सशाला वाकून अंग चाटताही येत नाही.

सशाच्या आहारात सुमारे ऐंशी टक्के वाटा वाळलेल्या गवताचा असावा. सोबत कोथिंबिरीसारखा ताजा, धुऊन निथळलेला पाला द्यावा. लसूणघास वाढत्या पिलांना ठीक. मोठ्या सशाला ती रोज देऊ नये, कारण तिच्यात कॅल्शियम फार असते. आपल्याकडे अनेक घरांत कंदमुळे येत नाहीत, तेव्हा ‘गाजरावाचून ससा कसा जगेल?’ असे मुले विचारतात. चित्रांतल्या सशाने हा गैरसमज पसरवला आहे. गाजर हे सशाचे नैसर्गिक अन्न नाही आणि त्यात साखर भरपूर असते. गाजराविना सशाचे काहीही अडत नाही; गवताविना मात्र तो आजारी पडतो.

राहण्याची जागा

सशाच्या तळपायांना कुत्र्या-मांजरांसारखी मऊ गादी नसते, केवळ केस असतात. तारेच्या जाळीवर किंवा ओल्या जागेत तो सतत बसला तर टाचांना जखमा होतात. तळ सपाट, कोरडा आणि गवताने आच्छादलेला असावा.

ससा लघवीसाठी बहुधा एकच कोपरा निवडतो. त्याच कोपऱ्यात पसरट तबक ठेवून त्यात कागदाचे तुकडे व वर वाळलेले गवत घातले, की सवय सहज लागते. मांजरांसाठी मिळणारी, ओल लागताच गोळा होणारी माती वापरू नये. ती पोटात गेल्यास घट्ट बसते. तबक रोज रिकामे करावे. लघवीतून निघणाऱ्या अमोनियाने सशाची श्वासनलिका आणि डोळे चुरचुरतात. आपल्या नाकाला वास येईपर्यंत त्याला बराच त्रास होऊन गेलेला असतो. तबकावरचा पांढरा थर व्हिनेगरने निघतो.

पावसाळ्यात ही दक्षता दुप्पट हवी. ओल्या, घाण लागलेल्या केसांवर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडून त्या सशाचे मांस खाऊ लागतात. म्हणून या दिवसांत सकाळ-संध्याकाळ मागचा भाग तपासावा. अळ्या किंवा खरूज झाल्यावर औषध करणे अटळ असते आणि त्यात असंख्य जीवांची हानी होते. कोरडे गवत आणि स्वच्छ तबक यांनी ती वेळच येत नाही. सशाची पीडा टळते आणि त्या सूक्ष्म जीवांची हिंसाही टळते. यतनेचा अर्थ याहून सोपा करून सांगता येणार नाही.

उन्हाळ्यात ससा घाम गाळू शकत नाही. मुख्यत्वे कानांवाटे तो उष्णता बाहेर टाकतो. पारा तिशीवर गेला की त्याला सावलीत, वारा खेळत्या जागी, थंड फरशीवर ठेवावे आणि कान ओल्या हाताने पुसावेत.

रोजची दहा मिनिटे

एवढे सगळे वाचून काम मोठे वाटेल. प्रत्यक्षात रोज दहा मिनिटे पुरतात. तबक रिकामे करणे, लेंड्यांचा आकार व संख्या पाहणे, मागचा भाग तपासणे, अंगावरून हात फिरवणे. आठवड्याला विंचरणे आणि कान-दात पाहणे, महिन्याला नखे. मुलांना हे काम जरूर द्यावे, पण मोठ्यांनी जवळ असावे आणि नंतर हात साबणाने धुवायला लावावेत. सशाच्या त्वचेवरील नायटा माणसालाही होतो. सशावर उपचार करणारे पशुवैद्य सर्वत्र नसतात, म्हणून त्यांचा पत्ता आधीच शोधून ठेवावा. परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही चौकशी करता येईल.

नीट निगा राखली तर ससा आठ ते बारा वर्षे जगतो. सुटीत हौसेने आणलेले पिल्लू मुलाच्या दहावी-बारावीपर्यंत घरात असेल, याचा विचार आणण्यापूर्वीच व्हावा. तेवढी वर्षे रोजची दहा मिनिटे देण्याची तयारी नसेल, तर मुलाला नाही म्हणणे हीही सशावरची दयाच होय.