फेरेटचे दंतारोग्य आणि 'वनौषधी' या संज्ञेची व्याप्ती

एखादी संज्ञा एका ज्ञानक्षेत्रातून दुसऱ्या ज्ञानक्षेत्रात नेली जाते, तेव्हा तिचा संपूर्ण अर्थ तिच्याबरोबर जातोच असे नाही. पुष्कळदा नाव जाते आणि त्या नावाला अर्थ देणारी परिस्थिती मागे राहते. कोशकाराला ही गोष्ट नवी नाही. परंतु ज्या ठिकाणी संज्ञेवर विसंबून एखाद्या जिवाला औषध दिले जाते, त्या ठिकाणी हा प्रश्न निव्वळ कोशरचनेचा राहत नाही. युरोप व अमेरिकेत घरोघरी पाळल्या जाणाऱ्या फेरेट या लहान मांसाहारी प्राण्याच्या दातांची निगा आणि त्यासाठी सुचविली जाणारी 'वनौषधी' हे या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण आहे. फेरेटच्या दंतरोगांचे स्वरूप आणि 'वनौषधी' या शब्दामुळे होणारी फसगत यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. नाव आणि नाते

'फेरेट' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी 'चोर' या अर्थाचा 'फूर' हा लॅटिन शब्द आहे असे मानतात. सातव्या शतकातील इसिदोर याने मात्र 'फूरो' या प्राणिनामाचा संबंध 'काळोखा' या अर्थाच्या 'फुर्वुस' शब्दाशी जोडला होता. सशांना बिळातून हुसकून काढण्यासाठी माणसाने हा प्राणी माणसाळविला. स्पेनमधील सशांच्या उपद्रवावर अशा प्राण्याचा उपयोग केला जात असल्याचा उल्लेख ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने केला आहे. आज तो मुख्यतः सोबतीसाठी पाळला जातो. कॅलिफोर्निया व हवाई या अमेरिकी राज्यांत मात्र तो पाळण्यास मनाई आहे.

मराठी वाचकास या प्राण्याचा परिचय करून देताना 'मुंगसासारखा' एवढे म्हणून थांबण्याचा मोह होतो. मुंगूस हा तर मराठीने इंग्रजीला दिलेला शब्द. इंग्रजीतील 'मंगूस'चे मूळ तोच आहे. परंतु लांबट देह आणि आखूड पाय यांचे साम्य सोडले, तर हे नाते टिकत नाही. मांसभक्षक गणाच्या दोन मोठ्या शाखा मानल्या जातात : एक मार्जारसम, दुसरी श्वानसम. मुंगूस पहिल्या शाखेत मोडते, फेरेट दुसऱ्या शाखेत. त्याचे निकटचे आप्त म्हणजे रानटी पोलकॅट, मिंक आणि पाणमांजर. करड्या मुंगसाच्या तोंडात सामान्यतः ४० दात असतात, तर फेरेटच्या तोंडात ३४. म्हणजे ज्या अवयवाची निगा राखावयाची, त्याची रचनाच या उपमेने चुकीची सांगितली जाते.

२. दातांची रचना व रोग

फेरेटच्या वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूस पटाशीचे ३ दात, १ सुळा, ३ उपदाढा व १ दाढ असते. खालच्या जबड्यात दाढा दोन असतात. बाकीची संख्या तीच. मांस कातरण्याचे काम वरची शेवटची उपदाढ व खालची पहिली दाढ ही जोडी करते. चर्वणास योग्य असा रुंद पृष्ठभाग या दातांना जवळजवळ नाहीच. प्राणी कातरतो आणि गिळतो. त्याच्या आतड्यात अन्न थोडेच तास राहते आणि अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असणारी पिशवी, त्याला नसते. वनस्पतीचा तंतुमय भाग पचविण्याची सोय या देहात नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयास हवी.

सुळ्यांची एक विशेष अडचण आहे. दाताचा गर, म्हणजे रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला आतील भाग, सुळ्याच्या टोकाच्या अगदी जवळपर्यंत पोहोचलेला असतो. पिंजऱ्याच्या गजास चावल्याने टोक थोडेसे उडाले तरी गर उघडा पडू शकतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आश्रयस्थानांतून आलेल्या ६३ फेरेटांची तोंडे तपासण्यात आली. त्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश प्राण्यांचे दात मोडलेले आढळले. हिरड्यांच्या रोगाच्या खुणा त्याहूनही अधिक प्राण्यांत होत्या. हिरडीच्या रोगाचे निरीक्षण करण्यासाठी फेरेट हा प्राणी सोयीचा आहे हे संशोधकांनी फार पूर्वीच ओळखले होते. किंग व ग्लोव्हर यांनी १९४५ साली आहारातील घटकांचा आणि इतर कारणांचा किटणाच्या निर्मितीवर व हिरडीच्या रोगावर होणारा परिणाम याच प्राण्यात तपासला होता.

येथे मराठीतील एका संदिग्धतेची नोंद करणे अवश्य आहे. सामान्य बोलण्यात दातांवरील कोणत्याही थराला 'कीट' किंवा 'किटण' म्हटले जाते. वस्तुतः थर दोन आहेत. पहिला थर मऊ, चिकट व जिवाणूंनी भरलेला असतो. त्याला 'प्लाक' हे नाव रूढ झाले आहे. लाळेतील खनिजे त्यात साचून थोड्याच दिवसांत तो टणक होतो. खरे किटण ते हे. पहिला थर मऊ ब्रशाने निघतो. दुसरा ब्रशाने निघत नाही आणि कोणत्याही काढ्याने विरघळत नाही. तो प्राण्यास भूल देऊन उपकरणानेच काढावा लागतो, कारण रोगाचे मूळ हिरडीच्या कडेखाली असते आणि जागा प्राणी तेथे हात लावू देत नाही. दोन्ही थरांना एकच नाव दिले, म्हणजे एकावर लागू पडणारा उपाय दुसऱ्यावरही लागू पडेल असा समज सहजच होतो.

३. लक्षणांचे वाचन

फेरेट पंजाने तोंड खाजवितो, लाळ गाळतो, दात एकमेकांवर घासतो. ही चिन्हे पाहून पालक 'दात दुखत असावेत' असा अर्थ लावतो. परंतु एका चिन्हाचे अनेक अर्थ संभवतात. दात घासणे हे फेरेटमध्ये पुष्कळदा पोटदुखीचे लक्षण असते. 'हेलिकोबॅक्टर मुस्टेली' या जिवाणूमुळे त्याच्या जठरास दाह होतो, हे सुपरिचित आहे. तोंड खाजविणे व लाळ गळणे ही मळमळीचीही चिन्हे आहेत. टाळूत अडकलेला हाडाचा तुकडाही असेच वर्तन घडवितो.

सर्वांत घोटाळा करणारे कारण निराळेच आहे. मध्यम वयाच्या फेरेटमध्ये स्वादुपिंडात इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींची गाठ वारंवार आढळते. तिला इन्सुलिनोमा म्हणतात. तिच्यामुळे रक्तातील साखर घसरते आणि प्राणी लाळ गाळतो, तोंड खाजवितो, मागील पायांनी लटपटतो. अशा वेळी पालकाने दातदुखी समजून मधात कालविलेले एखादे चूर्ण हिरडीस चोळले, तर काही मिनिटांत प्राण्यास खरोखरच बरे वाटू लागते. पालकाचा निष्कर्ष असा की, चूर्णाने दात बरा केला. वास्तविक गुण आला तो मधातील साखरेने. शिवाय या साखरेमुळे ती गाठ अधिक इन्सुलिन सोडते आणि रक्तशर्करा पुन्हा घसरते. प्राणी बेशुद्धीकडे जात असताना पशुवैद्याकडे नेईपर्यंत हिरडीस थोडे मधुर द्रव्य लावणे हा तातडीचा मान्य उपाय आहे. दातांचे औषध म्हणून तेच द्रव्य रोज चोळणे अपायकारक आहे. द्रव्य एक आणि कृतीही एक असली तरी हेतू व निदान बदलले की परिणाम उलटतो.

४. 'वनौषधी' म्हणजे काय?

वनौषधी या शब्दाने सामान्यतः केवळ द्रव्याचा बोध होतो : लवंग, निंब, खैर. परंतु परंपरेतील औषधयोजनेत द्रव्य, क्रिया व देह असे तीन घटक एकत्र असतात. दंतधावनाचेच उदाहरण घ्यावे. सुश्रुतसंहितेत दातवणासाठी रसानुसार श्रेष्ठ वृक्ष सांगितले आहेत : कडू रसात निंब, तुरट रसात खदिर, मधुर रसात मधूक आणि तिखट रसात करंज. वाचकाच्या लक्षात राहतात ती ही नावे. पण दातवण म्हणजे केवळ निंब नव्हे. काडीचे टोक चावून मऊ कुंचला करावयाचा, तो दातांवरून फिरवावयाचा, चूळ भरावयाची आणि थुंकून टाकावयाचे, ही सर्व क्रिया त्या शब्दात अभिप्रेत आहे. मऊ थर निघतो तो मुख्यतः या घर्षणाने.

फेरेटच्या बाबतीत यांतील काय शिल्लक राहते? तो काडी चावून कुंचला करीत नाही, चूळ भरीत नाही, थुंकत नाही. त्याच्या पाण्यात निंबाचा अर्क घातला, तर घर्षण वजा झाले आणि माणूस थुंकून टाकतो तो भाग याच्या पोटात गेला. नाव तेच राहिले. उपाय तो राहिला नाही.

तिसरा घटक देहाचा. पुष्कळशी वनस्पतिज द्रव्ये, विशेषतः लवंगेतील युजेनॉलसारखी फिनॉलवर्गीय संयुगे, यकृतात ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडली जाऊन शरीराबाहेर टाकली जातात. मांजरात या कामाचा यूजीटी-१ए६ हा जनुक निकामी झालेला आहे. म्हणूनच पॅरासिटामॉल मांजरास घातक ठरते. फेरेट श्वानसम शाखेतला असल्यामुळे त्याचे यकृत कुत्र्यासारखे चालत असेल, असा तर्क स्वाभाविक आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो खोटा ठरविला. फेरेटच्या यकृतातही पॅरासिटामॉलवरील ही क्रिया मांजराप्रमाणेच मंद आढळली, आणि तीही संबंधित जनुक मांजरासारखा निकामी नसताना. दिसण्यावरून जोडलेले मुंगसाचे नाते तर फसवे आहेच. पण वंशावळीवरून जोडलेले कुत्र्याचे नातेही या एका प्रश्नापुरते फसवे निघाले. साम्यानुमानाची मर्यादा याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण मिळणे कठीण.

५. काही प्रचलित द्रव्ये

लवंगेचे तेल माणसाच्या दुखऱ्या दाढेवर कापसाच्या बोळ्याने लावले जाते. सुमारे एक किलो वजनाच्या प्राण्यास तेच थेंब प्रमाणाने कितीतरी जड होतात, आणि युजेनॉलचा निचरा मंद झाल्यास ते साठण्याची भीती राहते. टी-ट्री तेलाविषयी तर प्रत्यक्ष पुरावा आहे. शुद्ध तेलाच्या विषबाधेच्या ४४३ कुत्र्या-मांजरांच्या नोंदींचा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. लाळ गळणे, सुस्ती, लटपटणे व कंप ही लक्षणे त्यांत आढळली. विलो वृक्षाच्या सालीत, म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या वर्गातील झाडांत, सॅलिसिन असते. शरीरात त्याचे सॅलिसिलेट बनते. 'नैसर्गिक वेदनाशामक' या नावाखाली ही साल देणे म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातील द्रव्य, मात्रा न मोजता, देणे होय.

एक समुद्रशैवाल असलेला खाऊ दिल्याने कुत्र्यांच्या दातांवरील थर कमी होतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसून आले. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पण तो कुत्र्यांविषयी आहे. दंतारोग्याच्या उत्पादनांना मान्यतेची मुद्रा देणारी व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल ही संस्थाही कुत्रा व मांजर यांच्याच उत्पादनांचा विचार करते. माणसाच्या दंतमंजनांत आढळणारे झायलिटॉल कुत्र्यात रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरविते. ज्या प्राण्यात इन्सुलिनोमा इतका आढळतो, त्याच्यापासून ते दूर ठेवणे हेच शहाणपणाचे.

६. व्यवहार

निर्विवाद उपाय साधा आहे. अगदी लहान मऊ ब्रश किंवा बोटास गुंडाळलेले ओले फडके आणि प्राण्यांसाठी बनविलेली, गिळली तरी चालणारी पेस्ट, एवढे साहित्य पुरे. ब्रश रोज करावा. ते न साधल्यास आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी करावा. सुरुवात लहान वयात, ओठ उचलू देण्याच्या सवयीपासून व्हावी. वरच्या मागील दातांची बाहेरील बाजू विशेष पाहावी, कारण किटण तेथे लवकर साचते. वर्षातून एकदा, आणि तिसऱ्या वर्षानंतर शक्य तर दोनदा, पशुवैद्याकडून तोंडाची तपासणी व्हावी. किटण काढताना भूल देण्यापूर्वीचा उपवास फेरेटमध्ये थोड्याच तासांचा ठेवतात, कारण लांबलेल्या उपवासाने रक्तशर्करा उतरते. मोडलेला व काळवंडलेला सुळा, तोंडाची दुर्गंधी, एकाच बाजूने खाणे किंवा खाता खाता घास टाकून देणे ही चिन्हे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

यावरून वनौषधींचा निषेध करावयाचा आहे असे नाही. ज्या औषधयोजनेने द्रव्याबरोबर क्रिया आणि प्रकृती यांचाही विचार केला, तिच्यावर अन्याय होतो तो तिची नावे तेवढी उचलल्याने. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी किंवा येथील पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत असे लेखन होईल, तेव्हा 'वनौषधी' ही संज्ञा एकटी न वापरता कोणत्या प्राण्यास, किती मात्रेत व कोणत्या क्रियेने, हे तिच्यालगतच सांगितले जावे. तसेच मऊ थरास 'प्लाक' आणि टणक थरास 'किटण' असा भेद कटाक्षाने पाळला जावा. परिभाषेची ही शिस्त वरवर किरकोळ वाटेल. पण आपले दुखणे सांगू न शकणाऱ्या प्राण्याच्या वतीने बोलणारी भाषा जितकी नेमकी असेल, तितकेच त्याच्यावर होणारे उपचारही नेमके होतील.