मालगुडीचा राजू, उदयपूरचा राजू

आर. के. नारायण यांच्या ‘द गाइड’ (1958) या कादंबरीतला राजू आणि 1965 च्या ‘गाइड’ चित्रपटातला राजू ही एकाच नावाची दोन माणसे आहेत. मराठी रसिकांच्या मनात घर करून आहे तो दुसरा, देव आनंदचा. पहिला म्हैसूरच्या मातीतला.

म्हैसूरमध्ये एका वर्षी भीषण दुष्काळ पडला. कृष्णराजसागर धरणाचा तळ उघडा पडला. नगरपालिकेने पर्जन्यासाठी अनुष्ठान मांडले. कावेरीच्या कोरड्या पात्रात पैसे मोजून पाणी आणले, त्या गुडघाभर पाण्यात उभे राहून ब्राह्मणांनी उपाशीपोटी अकरा दिवस जप केला आणि बाराव्या दिवशी पाऊस आला. ही हकीकत नारायण यांनी आपल्या आठवणींत नोंदवली आहे. तीच मनात घेऊन ते अमेरिकेला गेले आणि 1956 मध्ये बर्कलेच्या एका हॉटेलात राहून त्यांनी कादंबरी लिहिली. शेवटी नायकाला जगवावे की मारावे, याचा निर्णय त्यांना होत नव्हता. लंडनमध्ये ग्रॅहम ग्रीन यांनी गोष्ट ऐकली आणि तो मेलाच पाहिजे, असे ठामपणे सांगितले. तरीही नारायण यांनी ते स्पष्ट लिहिले नाही. गावकऱ्यांनी साधू मानलेल्या, पावसासाठी उपास करणाऱ्या राजूला डोंगरात पाऊस लागल्याचे जाणवते आणि तो खाली कोसळतो. पाऊस खरेच आला का, राजू गेला का, हे वाचकाने ठरवायचे.

हा राजू बाजारात वाढलेला आहे. बापाचे दुकान, शेजारी आलेली रेल्वे, प्रवाशांना हवे ते सांगण्याची हातोटी; त्यातूनच तो गाइड होतो. कादंबरीतले काल्पनिक गाव मालगुडी नकाशावर नाही, पण नारायण रोज पायी हिंडत ते म्हैसूरचे रस्ते तिच्यात आहेत. मंडी मोहल्ला, देवराज मार्केट आणि बडोद्याच्या गायकवाडांचे नाव मिरवणारा सयाजीराव रस्ता या गजबजलेल्या भागात राजूच्या बापाचे दुकान कुठेही शोभले असते.

चित्रपट करायचे ठरल्यावर निर्मात्यांची मंडळी म्हैसूरला आली. नारायण यांनी त्यांना कावेरीचा घाट, वडाखालचे छोटेसे देऊळ, गोपाळस्वामी बेट्ट अशी गोष्टीतली खरी ठिकाणे हौसेने दाखवली. पाहुणे हरखून गेले, फोटो काढून परतले आणि चित्रीकरण झाले ते राजस्थानात. मालगुडीचा विस्तार करायचा आहे, आम्ही ठेवू तिथे ती असेल, असे उत्तर लेखकाला मिळाले. पर्ल बक यांची पटकथा आणि टॅड डॅनियलेव्स्की यांचे दिग्दर्शन असलेल्या इंग्रजी आवृत्तीसाठी तर वाघांची झुंजही घडवण्यात आली. ही सगळी कैफियत नारायण यांनी ‘मिसगाइडेड गाइड’ या लेखात मांडली. त्यांची तक्रार रास्त होती. गाव बदलले की माणूस बदलतो. उदयपूरच्या राजवाड्यांपुढे उभा राहिलेला राजू बाजारातला चतुर पोरगा उरत नाही, तो नायक होतो.

विजय आनंद यांच्या हिंदी आवृत्तीत मात्र बदलांचा हिशेब इतका सरळ नाही. राजू जिच्या प्रेमात पडतो त्या नर्तकी रोझीचा नवरा मार्को कादंबरीत थंड, पुस्तकी, पण व्यभिचारी नव्हे. चित्रपटात रोझी त्याला गुंफेत परस्त्रीबरोबर पकडते. तिने नवऱ्याला सोडणे 1965 च्या प्रेक्षकाला पटावे म्हणून मार्कोला बदनाम करण्यात आले, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. पण रोझी वाढली. कादंबरीत ती बहुतेक राजूच्याच नजरेतून दिसते. चित्रपटात वहीदा रहमान यांचे नृत्य तिच्या बाजूने बोलते. एम. ए. झालेली देवदासीची मुलगी कलेसाठी घर सोडते, हे तिथे राजूच्या साक्षीशिवाय उभे राहते. या एका बाबतीत चित्रपट कादंबरीपेक्षा उदार आहे.

शेवट मात्र बिघडला. कादंबरीत रोझी परत येत नाही. चित्रपटात ती येते, लीला चिटणीस यांनी साकारलेली आईही येते, राजूला साधू मानणाऱ्या कादंबरीतल्या वेलन या खेडुताच्या जागी गजानन जागीरदारांचा भोला उभा असतो, आत्म्याशी संवाद होतो आणि धो धो पाऊस कोसळतो. ढोंग करता करता सापळ्यात सापडलेल्या माणसाचा संत झाला. चाहत्यांना हाच राजू प्रिय आहे, आणि कादंबरीतली सगळ्यात मोलाची शंका त्याच्याच वाट्याला आलेली नाही.

याच कादंबरीवरून न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 1968 मध्ये आलेले नाटक मोजक्या प्रयोगांत बंद पडले. नारायण यांच्या मालगुडीच्या कथांवरची शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ ही दूरचित्रवाणी मालिका मात्र लोकांना भावली. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेल्या या दिग्दर्शकाने आगुंबे हे खरेखुरे गावच मालगुडी म्हणून निवडले आणि कथांचा सूर जपला.

‘गाइड’ला सात फिल्मफेअर पारितोषिके मिळाली, त्यांत सर्वोत्कृष्ट कथेचे नारायण यांच्या नावे होते. यादवगिरीतले त्यांचे घर 2016 पासून संग्रहालय म्हणून खुले आहे. म्हैसूरला जाणाऱ्या मराठी वाचकाने ते जरूर पाहावे, आणि त्याआधी कादंबरीचे शेवटचे पान वाचावे.