आधी राहणाऱ्याला विचारा

बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पण त्या इमारतीचा नकाशाही एखाद्या बाईने काढला असेल, अशी शंका आपल्या मनाला शिवत नाही. पेरीन मिस्त्री यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून १९३६ साली वास्तुशास्त्राची पदविका घेतली. आपल्या देशातील अगदी पहिल्या स्त्री-वास्तुविशारदांत त्यांची गणना होते. हे नाव किती मुंबईकरांना ठाऊक आहे?

मिस्त्री-भेडवार यांच्या कचेरीत पेरीनबाईंची गाठ पडली ती कँडीहून आलेल्या मिनेट डी सिल्व्हा यांच्याशी. जन्म १९१८ चा. सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, तेव्हा हे शिक्षण मिळत नव्हते, म्हणून त्यांनी मुंबई गाठली. १९४२ साली गांधीजींच्या सुटकेसाठी भरलेल्या सभेला त्या गेल्या आणि माफी लिहून देईनात, तेव्हा शाळेने त्यांचे नाव काढून टाकले. माफीनामा हा कागद आम्हां संपवाल्यांच्या चांगला ओळखीचा. तो न लिहिण्याची किंमत काय पडते, हेही आम्ही जाणतो. पुढे त्या लंडनला शिकल्या आणि १९४८ साली तेथील राजमान्य वास्तुविशारद संस्थेच्या पहिल्या आशियाई स्त्री-सदस्या झाल्या. मुंबईत १९४६ साली निघालेल्या ‘मार्ग’ या नियतकालिकाच्या संस्थापकांतही त्या होत्या.

कँडीला परतल्यावर टेकडीच्या उतारावर त्यांनी करुणारत्ने यांचे घर बांधले. ते १९५१ साली पुरे झाले. सिमेंट-काँक्रीट नव्या पद्धतीचे, पण फरशा गावच्या मातीच्या आणि दारांना दुंबरा भागातील विणकरांच्या चटया! कारागिराला दिवाणखान्याची शोभा म्हणून न बोलावता त्यांनी त्याला बांधकामातच काम दिले. आम्हांला हा फरक मोठा वाटतो. त्यात कारागिराची भाकर आहे. या रीतीला त्या ‘आधुनिक प्रादेशिक वास्तुकला’ म्हणत. पाश्चात्य विद्वानांनी असाच विचार गाजवला तो १९८० नंतर.

पण आम्ही अधिक मोलाची मानतो ती वाटापुलुवाची वसाहत. १९५८ च्या सुमारास कँडीजवळ सरकारी नोकरांसाठी सुमारे २५० घरे व्हायची होती. मिनेटबाईंनी नकाशाआधी प्रश्नपत्रिका काढल्या, राहणाऱ्यांच्या बैठका घेतल्या. घरात माणसे किती, चालीरीती कोणत्या, ऐपत केवढी? सिंहली, तमिळ, मुसलमान सगळ्यांना विचारले आणि त्या उत्तरांवरून घरांचे निरनिराळे नमुने केले.

याच्याशेजारी आमच्या बी. डी. डी. चाळी ठेवून पाहा. १९२० च्या दशकात सरकारने त्या बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामायिक. चूल कुठे मांडायची, बाळंतिणीला आडोसा कुठला, हे त्या खोलीत जन्म काढणाऱ्या बाईला कोणी विचारले होते? खरे सांगायचे तर आम्ही युनियनवालेही खोल्यांसाठी भांडलो ते आकड्यांवर. मागण्यांच्या यादीत चूल क्वचितच आली.

श्रीलंकेच्या नव्या वास्तुकलेचे नाव काढताच लोक जेफ्री बावा यांचे नाव घेतात. ते थोर होतेच; पण मिनेटबाईंनी व्यवसाय सुरू केला तेव्हा बावा अजून वास्तुविशारद झाले नव्हते. बाईंची कामे हळूहळू कमी होत गेली. त्यांच्या देशातील वास्तुविशारद संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले ते १९९६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी. दोन वर्षांनी त्या वारल्या. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र छापून निघाले.