उसाचे शेत : परिसंस्था आणि पोषकद्रव्यांचे चक्रीकरण

प्रस्तावना :
'परिसंस्था' ही संज्ञा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ए. जी. टान्स्ले यांनी 1935 साली मांडली. सजीव आणि त्यांच्या भोवतालचे अजैविक घटक यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय निसर्गातील कोणत्याही घडामोडीचा उलगडा होत नाही, ही त्यामागील भूमिका होय. पुढे 1942 साली रेमंड लिंडेमन यांनी अमेरिकेतील एका लहानशा सरोवराच्या अभ्यासातून ऊर्जेचे एका पोषणस्तराकडून दुसऱ्या स्तराकडे होणारे संक्रमण स्पष्ट केले. ऊर्जा परिसंस्थेतून एकाच दिशेने वाहते व अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पदार्थ मात्र फिरून फिरून वापरले जातात. पदवी स्तरावर हे तत्त्व शिकविताना बहुधा तळे किंवा अरण्य यांचे उदाहरण दिले जाते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला अधिक जवळचे उदाहरण त्याच्या घराशेजारीच उपलब्ध आहे. ते म्हणजे उसाचे शेत.

साखरेत काय असते?
अरण्यात गळालेले पान तेथेच कुजते. शेतात मात्र पीक कापून बाहेर नेले जाते आणि पिकाबरोबर जमिनीतील नत्र, स्फुरद व पालाशही जाते. गहू किंवा डाळ यांच्या दाण्यात प्रथिने असल्याने त्यांच्या विक्रीबरोबर नत्राचीही विक्री होते. उसाची गोष्ट निराळी आहे. साखरेच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन एवढीच मूलद्रव्ये असतात. त्यांपैकी कार्बन हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून आणि हायड्रोजन पाण्यातून येतो. नगण्य अंश सोडल्यास साखरेच्या पोत्यात जमिनीचे असे काहीही नसते. इथेनॉललाही हेच लागू पडते. म्हणजे तत्त्वतः ऊस उत्पादक केवळ हवा, पाणी व सूर्यप्रकाश विकत असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

असे असतानाही सुरू हंगामातील उसासाठी हेक्टरी 250 किलो नत्र, 115 किलो स्फुरद व 115 किलो पालाश देण्याची शिफारस आहे. आडसाली उसासाठी ती याहून बरीच अधिक आहे. साखरेबरोबर काहीच जात नसेल, तर दरवर्षी एवढे घालावे का लागते, हा प्रश्न कोणालाही पडावा.

द्रव्ये जातात कोठे?
एक टन ऊस गाळला असता साधारणतः 100 ते 115 किलो साखर मिळते. उरलेल्या भागात पाण्याव्यतिरिक्त सुमारे 280 ते 300 किलो बगॅस, 30 ते 40 किलो प्रेसमड व 40 ते 45 किलो मळी असते. जमिनीतून आलेली द्रव्ये या तिन्हींत विभागली जातात. स्फुरदाचा मोठा भाग रस स्वच्छ करताना प्रेसमडमध्ये उतरतो. पालाश मुख्यतः मळीत जाते. मळीपासून अल्कोहोल तयार केल्यावर ते स्पेंटवॉशमध्ये राहते. एक लिटर अल्कोहोलमागे 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश निर्माण होतो. हेच सांडपाणी ओढ्यात किंवा नदीत गेले की त्याच्या विघटनासाठी पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो व मासे मरतात. शेतात जे खत ठरले असते, ते पाण्यात प्रदूषक ठरते. पदार्थ तोच, जागा चुकलेली! बगॅस बॉयलरमध्ये जळते. त्यातील नत्र धुराड्यावाटे हवेत जाते आणि राखेत सिलिका, पालाश व थोडे स्फुरद उरते.

भारताला लागणारे पालाशयुक्त खत जवळजवळ पूर्णतः आयात करावे लागते. या पार्श्वभूमीवर मळीपासून मिळणाऱ्या पालाशाचा समावेश 2021 साली केंद्र शासनाच्या पोषकद्रव्याधारित अनुदान योजनेत करण्यात आला, ही बाब उल्लेखनीय आहे. सहकारी साखर कारखानदारीचा प्रारंभ प्रवरानगर येथे 1950 च्या सुमारास झाला, हे लक्षात घेता हा विचार फार उशिरा सुचला असे खेदाने म्हणावे लागते.

उसाचे वाढे तोडणी मजुरांच्या बैलांना चारा म्हणून जातात आणि त्यातील द्रव्ये शेणाच्या रूपाने कारखान्याजवळच्या तळावर साचतात. अंतर थोडे असले, तरी शेताच्या दृष्टीने ती गेलीच.

पाचट :
शेतातच राहणारा सर्वांत मोठा भाग पाचटाचा होय. हेक्टरी सुमारे 8 ते 10 टन पाचट निघते व त्यात अंदाजे 40 किलो नत्र असते. हे पाचट पेटविल्यास काही मिनिटांत बहुतेक सर्व नत्र व सेंद्रिय कार्बन वायुरूपाने निघून जातो. नत्र हवेत परतले म्हणून चक्र पूर्ण झाले, असा युक्तिवाद कोणी करील. जागतिक पातळीवर तो खराही आहे. पण हवेतील नत्राचा रेणू वनस्पतीला थेट वापरता येत नाही. तो पुन्हा उपयोगी रूपात आणण्यासाठी नत्र स्थिर करणारे जीवाणू तरी हवेत किंवा नैसर्गिक वायू जाळणारा खत कारखाना तरी. उसाच्याच पेशींमध्ये राहून नत्र स्थिर करणारा एक जीवाणू ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली नोंदविला, तथापि त्याच्यावर संपूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

स्फुरदाला तर लक्षणीय असे वायुरूपच नाही. राखेतील स्फुरद वाऱ्याने उडाले वा पहिल्या पावसात मातीबरोबर वाहून गेले, तर ते कृष्णा-गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराच्या तळाशी जाते. तेथून ते जमिनीवर परतण्यास भूगर्भीय काळ लागतो.

शेतकरी पाचट का जाळतो, याचे उत्तर केवळ अज्ञान असे देणे अन्यायाचे होईल. पाचटामुळे खोडव्याला पाणी देणे अवघड जाते, उंदरांचा उपद्रव वाढतो आणि मजूर मिळत नाहीत. याहून महत्त्वाचे कारण विघटनाच्या क्रियेत दडलेले आहे. पाचटात कार्बनच्या मानाने नत्र फार थोडे असते. ते कुजविणारे जीवाणू स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतील नत्र ओढून घेतात आणि पाचट ठेवलेला खोडवा सुरुवातीस पिवळा पडतो. शेजारच्या जाळलेल्या रानातील फुटवा मात्र हिरवागार दिसतो. शेतकरी पुढच्या वर्षी काडी लावतो ती हे पाहूनच.

प्रति टन पाचटास 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट व 1 किलो पाचट कुजविणारे जीवाणूसंवर्धन वापरण्याची जी शिफारस केली जाते, तिचे मर्म येथे आहे. हा युरिया उसासाठी नसून विघटकांसाठी असतो. पुढील महिन्यांत हेच जीवाणू मरून कुजतात व त्यांच्या पेशींतील नत्र पिकाला मिळू लागते. मात्र तोपर्यंत खोडव्याच्या खताची पहिली मात्रा पहारीने मुळांजवळ दिलेली असावी लागते.