पेशीला आपले काम कसे उमगते?

पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे आपण हाताने हाकलतो. जीवशास्त्रज्ञांनी मात्र त्यांतल्या एका जातीला, ‘ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर’ या फळमाशीला, शंभराहून अधिक वर्षे प्रयोगशाळेत जोपासले आहे. एकाच फलित अंड्यातून जन्मलेल्या पेशींपैकी कोणी त्वचा व्हावे, कोणी स्नायू आणि कोणी मेंदू, हे कसे ठरते, या प्रश्नाचे पहिले सविस्तर उत्तर या माशीच्या गर्भाने दिले. त्या उत्तराचा आपल्या घरातील भावी मातेच्या आरोग्याशी निकटचा संबंध आहे.

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संपूर्ण संच असतो. यकृताच्या पेशीतही डोळ्याची जनुके असतात, पण ती निद्रिस्त असतात. कोणती जनुके जागी करायची, यावर पेशीचे भवितव्य अवलंबून असते. पेशीला मन नाही; तरीही तिला दोन गोष्टी ‘कळाव्या’ लागतात : आपण कोठे आहोत आणि आपले शेजारी काय सांगत आहेत.

आईने ठेवलेली खूण

पहिल्या प्रश्नाच्या उत्तराची तयारी फळमाशीची मादी अंडे घालण्यापूर्वीच करते. ‘बायकॉइड’ या जनुकाचा संदेश ती अंड्याच्या पुढच्या टोकाला ठेवते. अंडे घातल्यावर त्यापासून प्रथिन तयार होऊन मागे पसरते. पुढे दाट, मागे विरळ. प्रथिन दाट असेल तेथे डोके, मध्यम असेल तेथे छाती, अशी आखणी सुरू होते. ज्या मादीत हे जनुक निकामी असते, तिच्या गर्भांना डोके आणि छाती येतच नाही.

या ढोबळ आखणीवरून पुढची जनुके क्रमाक्रमाने जागी होतात. अंडे घातल्यापासून सुमारे तीन तासांत गर्भात जवळपास ६,००० पेशी तयार होतात, आणि काही जनुके सात रेखीव पट्ट्यांत कार्यरत झालेली दिसतात. डोळ्यांना अद्याप कोणताही अवयव दिसत नसतो, परंतु शरीराचे खंड कोठे पडणार, हे ठरलेले असते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी सदोष गर्भांची चिकाटीने तपासणी करून खंडरचनेची १५ जनुके १९८० साली जगापुढे मांडली. एडवर्ड लुईस यांच्यासह त्यांना १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शेजाऱ्याचा शब्द

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक मनोरंजक आहे. गर्भाच्या पोटाकडील भागात सारख्याच योग्यतेच्या पेशींचे लहान गट असतात. त्यांतील कोणतीही मज्जासंस्थेची पेशी होऊ शकते. एखादी किंचित पुढे सरसावते आणि आपल्या पृष्ठभागावरील ‘डेल्टा’ प्रथिनाने शेजारणींच्या ‘नॉच’ प्रथिनाला स्पर्श करते. अर्थ एवढाच : ‘मी होते, तुम्ही थांबा.’ थांबलेल्या शेजारणी त्वचेच्या दिशेने जातात. नॉच निकामी असेल तर हा निरोप पोहोचत नाही. साऱ्याच पेशी मज्जासंस्थेकडे वळतात, त्वचा अपुरी पडते आणि गर्भ जगत नाही.

माशी आणि माणूस

मानवी गर्भात बायकॉइड नाही. आपल्या आरंभीच्या पेशी बऱ्याच लवचिक असतात. म्हणूनच एक गर्भ दुभंगून दोन एकसारखी जुळी होऊ शकतात. पण नॉच आपल्यातही आहे. त्यातील काही दोषांमुळे यकृतातील पित्तवाहिन्या अपुऱ्या राहतात. कोणत्या खंडावर कोणता अवयव यावा, हे ठरवणारी ‘हॉक्स’ जनुकेही दोघांत आहेत. माशीत त्यांतील एक चुकीच्या जागी जागे झाले, तर डोक्यावर मिशांऐवजी पाय उगवतात.

आपल्या गर्भात हॉक्स जनुकांना जागे करणाऱ्या संकेतांपैकी एक म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल. तीव्र मुरमांवर दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइनची गोळी याच आम्लाचे एक रूप आहे. गरोदरपणी ती पोटात गेली, तर पेशींना चुकीचा पत्ता मिळतो आणि बाळाच्या मेंदूत, हृदयात, कानांत गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. मैत्रिणीच्या सल्ल्याने ही गोळी कधीही घेऊ नये. घेत असताना आणि थांबवल्यावर निदान एक महिना गर्भधारणा टाळावी. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जादा मात्रेच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. गाजर, पालेभाज्या यांची मात्र भीती नको.

उशीर होण्यापूर्वी

मेंदू आणि मज्जारज्जू यांचा पाया असलेली चेतानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत. पुष्कळदा तोवर तपासणीही झालेली नसते. म्हणून मूल हवे असे ठरताच, किमान एक महिना आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. पूर्वीच्या बाळात असा दोष असल्यास मात्रा बरीच अधिक लागते. ती डॉक्टरांनी ठरवावी. मधुमेह असल्यास साखर आधीच आटोक्यात आणावी. फिटांची औषधे चालू असल्यास ती परस्पर बंद न करता आधी सल्ला घ्यावा, कारण त्यांतील काही बदलावी लागतात. तंबाखू आणि मद्य दोन्ही सोडावे.

आणखी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांसाठी. ग्रहणात सुरी हाती धरली म्हणून बाळाचा ओठ दुभंगला, असा ठपका सुनेवर ठेवणारी घरे आजही आहेत. ओठाची जडणघडण गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यांत होते. तिच्याशी ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. बहुतेक वेळा नेमके एक कारण सापडतही नाही. शस्त्रक्रियेने तो ओठ उत्तम जुळतो. त्या मातेला दोष देण्याऐवजी बाळाला वेळेवर शल्यचिकित्सकाकडे न्यावे आणि तिच्या पाठीशी उभे राहावे.